स्क्रीन काढायच्या आधी अ‍ॅड्रेस शीट: एचएमआय आणि पीएलसीच्या मेमरीची आखणी

पॅनेल वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बनतं, जवळच्या नंदेसरीत रिअ‍ॅक्टरशेजारी बसतं, आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधल्या कागदावर, म्हणजे अ‍ॅड्रेसच्या यादीत. नवीन माणूस एचएमआयचं, म्हणजे मशीनच्या टच-स्क्रीनचं, सॉफ्टवेअर उघडतो, पहिलं बटण टाकून त्याला एम० देतो, दुसऱ्याला एम१, टेंपरेचरला डी०. (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर. त्यात एम म्हणजे एक ऑन-ऑफ बिट, आणि डी म्हणजे १६ बिटचा आकडा ठेवणारं रजिस्टर, म्हणजे एक वर्ड.) असे चाळीस टॅग (नाव दिलेले अ‍ॅड्रेस) झाल्यावर लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, लिहिणारा सांगतो की डी० ते डी२० त्याने गणितासाठी वापरलेत. मग स्क्रीनवरचं टेंपरेचर मधूनच नाचायला लागतं आणि सगळे सेन्सरला शिव्या घालतात.

डिप्लोमा किंवा आयटीआय करून नुकतेच पॅनेलच्या कामाला लागलेल्यांसाठी ही पद्धत आहे. उदाहरण म्हणून ५०० लिटरचा जॅकेटवाला रिअ‍ॅक्टर घेऊ: मासचं (आतल्या मालाचं) आणि जॅकेटचं टेंपरेचर, एक प्रेशर, ढवळणीची मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या कंट्रोलरवर), स्टीम आणि कूलिंगचे व्हॉल्व्ह, बॅचचा टायमर आणि ५० रेसिपी. पीएलसी मित्सुबिशीचा एफएक्स३यू, एचएमआय सात इंची, ८०० बाय ४८० पिक्सेलचा. पीएलसी दुसरा असेल तर आकडे बदलतील, विचार तोच राहील.

आधी यादी, मग नंबर

एक्सेल उघडा आणि अ‍ॅड्रेसचा रकाना सध्या मोकळा ठेवा. मशीनवर जे जे दिसायला हवं, बदलता यायला हवं किंवा वाजायला हवं ते एकाखाली एक लिहा. प्रत्येक ओळीपुढे हे रकाने भरा: बिट की वर्ड, १६ बिटचा की ३२ बिटचा, पूर्णांक की फ्लोट (दशांशाचा आकडा), युनिट आणि दशांश, किमान, कमाल, लिहिणार कोण, लाइट गेल्यावर टिकायला हवं की नको, आणि कुठल्या स्क्रीनवर.

यातला 'लिहिणार कोण' हा रकाना बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा. एका अ‍ॅड्रेसवर एकानेच लिहायचं: पीएलसीने, नाहीतर एचएमआयने. याचं कारण तांत्रिक आहे. डी१७० मधला तिसरा बिट स्क्रीनवरून ऑन केला, की बरेच ड्रायव्हर आधी आख्खा डी१७० वाचतात, त्यातला एक बिट बदलतात आणि आख्खा वर्ड परत लिहितात. या मधल्या काही मिलिसेकंदांत पीएलसीने त्याच वर्डमधला दुसरा एखादा बिट बदलला असेल, तर तो बदल पुसला जातो. पन्नास वेळा दाबल्यावर एकदा होणारी ही चूक साइटवर शोधून सापडत नाही. म्हणून कमांड आणि स्टेटस एका वर्डमध्ये कधीच ठेवू नका.

दुसरा महत्त्वाचा रकाना टिकण्याचा. एफएक्स३यूमध्ये डी० ते डी१९९ लाइट गेली की शून्य होतात. डी२०० ते डी५११ मुळात टिकतात, पण पॅरामीटरमधून ते बदलता येतं. डी५१२ ते डी७९९९ टिकतातच. बिटांचंही तसंच: एम० ते एम४९९ पुसले जातात, एम५०० ते एम१०२३ मुळात टिकतात. आता विचार करा, ढवळणीच्या 'स्टार्ट'चा कमांड बिट कोणी एम५१० वर टाकला. पहिल्या पावसात एमजीव्हीसीएलची (इथल्या वीज कंपनीची) लाइन ट्रिप झाली आणि वीस मिनिटांनी लाइट आली. बिट ऑनच आहे, मोटर आपोआप सुरू होईल, आणि तेवढ्यात कोणी मॅनहोल उघडून आत वाकलेला असू शकतो. कमांडचे बिट नेहमी पुसल्या जाणाऱ्या भागातच ठेवा. उलट सेट पॉइंट (टेंपरेचर वगैरेंचे ठरवून दिलेले आकडे) पुसल्या जाणाऱ्या भागात ठेवले, तर लाइट आल्यावर ऑपरेटरला स्क्रीनवर नुसती शून्यं दिसतील.

टिकणाऱ्या भागालाही बॅटरी लागते. एफएक्स३यूची बॅटरी संपली की डी५१२ च्या पुढचंही गेलं. बॅटरी लो झाल्याचा बिट, एम८००५, अलार्ममध्ये घ्यायला विसरू नका.

आता नंबर टाका

आपल्या रिअ‍ॅक्टरची वाटणी अशी करता येईल:

डी०–डी९९: लॅडरचं अंतर्गत गणित. एचएमआयने इकडे बघायचंही नाही.
डी१००–डी१४९: चालू रीडिंग. लिहितो पीएलसी.
डी१५०–डी१५९: अलार्म आणि स्टेटसचे वर्ड. लिहितो पीएलसी.
डी१७०–डी१७९: हार्टबीट (स्क्रीन चालू असल्याची खूण), निवडलेल्या रेसिपीचा क्रमांक, चालू स्क्रीनचा क्रमांक. लिहितो एचएमआय.
डी५२०–डी५९९: सेट पॉइंट आणि मर्यादा. लिहितो एचएमआय.
डी६००–डी६३९: स्क्रीनवरून आलेली रेसिपी. लिहितो एचएमआय.
डी६५०–डी६८९: चालू बॅचची रेसिपी. लिहितो फक्त पीएलसी.
डी७००–डी७४९: रनिंग अवर, बॅच काउंट. लिहितो पीएलसी.
एम१००–एम१३१: कमांड.
एम३००–एम३३१: अलार्म.

प्रत्येक ब्लॉकमध्ये मागच्या बाजूला पाव भाग तरी मोकळा ठेवा. मधेमधे भोकं ठेवू नका, त्याचं कारण पुढे येईल.

३२ बिटच्या आकड्याला दोन रजिस्टर लागतात. ते सम आकड्यापासून सुरू करा: डी७०० घेतलं की डी७०१ त्याच्याच मालकीचं, पुढचं डी७०२. शीटमध्ये डी७०१ ची ओळही लिहा आणि तिच्यापुढे 'डी७०० चा वरचा भाग' असं टाका. ही ओळ लिहिली नाही, तर सहा महिन्यांनी कोणीतरी डी७०१ रिकामं समजून वापरतो.

पीएलसी बदलला की ही यादी जशीच्या तशी उचलू नका. डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेत डी१००० ते डी१९९९ हे स्पेशल रजिस्टर असतात, मित्सुबिशीत ते डी८००० पासून सुरू होतात. एफएक्सवर डी१००० ला ठेवलेली रेसिपी डेल्टावर तशीच टाकली, तर कम्युनिकेशनच्या सेटिंगपासून काहीही बिघडू शकतं. इनपुटचे एक्स आणि आउटपुटचे वाय दोन्हीकडे ऑक्टल (आठाच्या मोजणीचे) आहेत. एक्स७ नंतर एक्स१०, एक्स८ नावाचा इनपुट नसतोच.

सीमेन्सच्या एस७-२०० वर पाय वेगळ्या ठिकाणी घसरतो. तिथे मोजणी बाइटची आहे. व्हीडब्ल्यू१०० म्हणजे बाइट १०० आणि १०१, आणि व्हीडब्ल्यू१०१ म्हणजे १०१ आणि १०२. म्हणजे दोन्ही एकमेकांवर चढतात. वर्ड दोन-दोनने पुढे न्या, डबल वर्ड आणि फ्लोट चार-चारने. एस७-१२०० ला दुसऱ्या कंपनीचा एचएमआय जोडताना डेटा ब्लॉकचा ऑप्टिमाइज्ड अ‍ॅक्सेस काढावा लागतो आणि सीपीयूच्या सेटिंगमध्ये पुट-गेटला (बाहेरून वाचण्या-लिहिण्याला) परवानगी द्यावी लागते. या दोन खुणा राहिल्या तर केबल बरोबर, आयपी बरोबर, आणि स्क्रीनवर आकडा येत नाही.

मॉडबस असेल तर एकचा फरक

मॉडबस ही उपकरणांनी तारेवरून एकमेकांशी बोलायची पद्धत. तिच्यात होल्डिंग रजिस्टरला (वाचता-लिहिता येणाऱ्या वर्डला) ४०००१ पासून नंबर देतात, पण तारेवरून जाणारा अ‍ॅड्रेस शून्यापासून सुरू होतो. ४०००१ म्हणजे तारेवर ०. ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये कधी पहिला प्रकार असतो, कधी दुसरा, कधी हेक्समध्ये. डेल्टाच्या डीव्हीपीमध्ये डी० चा मॉडबस अ‍ॅड्रेस ४०९६ आहे, आणि सहा आकडी पद्धतीत तो ४०४०९७ होतो. स्क्रीनवर फ्रिक्वेन्सीच्या जागी शेजारच्या रजिस्टरमधला करंट दिसला, की पहिला संशय या एकच्या फरकावर घ्या. शीटमध्ये दोन्ही रकाने ठेवा, पीएलसीचा डी नंबर आणि मॉडबसचा नंबर. साइटवर रात्री डोक्यात बेरीज करायला लावू नका.

अ‍ॅड्रेस भोकं न ठेवता एकत्र ठेवण्याचं कारण वेळेच्या हिशोबात आहे. ९६०० बॉड, ८ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप म्हणजे एका कॅरेक्टरला ११ बिट. एक रजिस्टर वाचायला विचारणा ८ बाइटची आणि उत्तर ७ बाइटचं. हे झाले १७ मिलिसेकंद. शिवाय प्रत्येक निरोपानंतर साडेतीन कॅरेक्टरची शांतता, सुमारे ४ मिलिसेकंद, दोनदा. म्हणजे २५ मिलिसेकंद. पन्नास रजिस्टर विखुरलेली असतील तर सव्वा सेकंद, आणि त्यात पीएलसीचा उत्तर द्यायचा वेळ धरलेलाच नाही. तीच पन्नास सलग असतील तर एकाच विचारणीत येतात आणि सुमारे १४० मिलिसेकंदांत काम होतं. मॉडबसमध्ये एका वेळी १२५ रजिस्टरपर्यंत वाचता येतात. ऑपरेटर म्हणतो ना, 'बटण दाबलं तरी स्क्रीन उशिरा बदलते', तिथे पॅनेल बदलायची गरज नसते, विखुरलेले अ‍ॅड्रेस गोळा करायची असते. इथरनेटवर हा त्रास कमी जाणवतो, पण सवय तीच ठेवा.

अलार्म वर्डमध्ये भरणं यासाठीच. एम३०० ते एम३१५ हे सोळा बिट लॅडरमध्ये के४एम३०० (चार-चार बिटांचे चार गट) म्हणून एका मूव्हने डी१५० मध्ये टाका, पुढचे सोळा के४एम३१६ ने डी१५१ मध्ये. बत्तीस अलार्म दोन वर्डमध्ये बसतात. अलार्मचा क्रम एकदा ठरला की मधे नवीन घुसवायचा नाही. नवीन आला की शेवटी जोडायचा, नाहीतर जुन्या अलार्म हिस्टरीत 'प्रेशर हाय'च्या जागी 'ड्राइव्ह ट्रिप' असं दिसायला लागेल.

बटणं

एका मालकाच्या नियमाला इथे एकच अपवाद आहे. स्टार्टसारख्या कमांडमध्ये एचएमआयने बिट फक्त सेट करायचा आणि पीएलसीने काम घेतल्यावर तो रिसेट करायचा. बोट असेपर्यंत ऑन राहणारं मोमेंटरी बटण मोटर किंवा व्हॉल्व्हला देऊ नका. बोट दाबलेलं असताना केबल निघाली, तर ऑफचा निरोप पीएलसीपर्यंत पोचतच नाही आणि बिट ऑनच राहतो. जॉग किंवा इंचिंग हवंच असेल तर पॅनेलच्या दारावर खरं पुशबटण बसवा. इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवर ठेवायचा नसतो, तो वायरचाच.

हार्टबीट सोपा आहे. एचएमआय दर सेकंदाला डी१७० मध्ये एकने वाढवत जातो, पीएलसी बघतो की आकडा बदलतोय का. तीन सेकंद बदलला नाही तर स्क्रीन मेली असं समजून अलार्म द्यायचा आणि एम१०० ते एम१३१ सगळे पुसायचे. चालू बॅच थांबवायची की नाही हे प्रोसेसवाल्याला विचारा. उष्णता सोडणारी रिअ‍ॅक्शन असेल तर अर्ध्यात ढवळणी थांबवणंच धोक्याचं ठरतं.

रेसिपी

मशीन ज्यावर चालतं ते सेट पॉइंट पीएलसीत, रेसिपींचा संग्रह एचएमआयमध्ये. एचएमआय जळला तर नवीन बसेपर्यंत चालू बॅच तरी पूर्ण व्हायला हवी. पॉप-अप, भाषेची निवड, पासवर्डची पातळी, कुठल्या स्क्रीनवरून आलो हे सगळं एचएमआयच्या स्वतःच्या मेमरीत ठेवा, पीएलसीत त्याची गर्दी नको. त्या मेमरीतही दोन भाग असतात, पुसला जाणारा आणि टिकणारा. वाइनटेकमध्ये एलडब्ल्यू आणि आरडब्ल्यू. एलडब्ल्यू-९००० च्या पुढचे अ‍ॅड्रेस पॅनेलच्या स्वतःच्या कामाचे असतात, तिथे आपलं काही ठेवू नका.

हिशोब करा: एका रेसिपीत २४ पॅरामीटर म्हणजे २४ वर्ड. नावाला १६ वर्ड. एकूण ४०. पन्नास रेसिपी म्हणजे २००० वर्ड, ४००० बाइट. एचएमआयच्या टिकणाऱ्या मेमरीत एवढी जागा आहे का ते पॅनेल विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा.

नावाला १६ वर्ड का, तर आपल्याकडे ऑपरेटर गुजराती किंवा हिंदी वाचतात. इंग्रजी अक्षर आस्कीमध्ये एका बाइटात मावतं, आपल्या लिप्यांचं तसं नाही. 'प्रेशर' या शब्दात डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पण आत सहा कोड आहेत: प, हलन्त, र, एकाराची मात्रा, श, र. युटीएफ-१६ मध्ये ते १२ बाइट, म्हणजे ६ वर्ड. गुजरातीतही हिशोब हाच. आठ वर्डची जागा ठेवली तर 'प्रेशर टेस्ट' हे नाव मधेच तुटतं. आणि जोडाक्षरं नीट दिसतात का ते खऱ्या पॅनेलवरच तपासा, कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनवर विसंबू नका. काही स्वस्त पॅनेल मात्रा सुट्या करून दाखवतात. तसं झालं तर लेबलं चित्र म्हणून टाकावी लागतात, आणि चित्रं मेमरी खातात: पूर्ण स्क्रीनचं एक चित्र, १६ बिट रंगात, न दाबता, ८०० गुणिले ४८० गुणिले २ म्हणजे ७,६८,००० बाइट. कंपनीचा लोगो वीस स्क्रीनवर मागे पसरायचा हट्ट इथेच मोडून काढा.

रेसिपी पाठवताना एचएमआय ४० वर्ड डी६०० पासून लिहितो, मग 'घ्या' असा एम११० सेट करतो. पीएलसी बॅच बंद आहे का बघतो, प्रत्येक आकडा मर्यादेत आहे का बघतो, आणि मगच बीएमओव्ही (ब्लॉक मूव्ह) डी६०० डी६५० के४० ने चालू जागेत उतरवतो. मग एम११० पुसतो आणि उत्तराचा कोड डी१५८ मध्ये टाकतो: १ घेतली, २ बॅच चालू आहे, ३ आकडा चुकीचा. थेट डी६५० वर लिहू दिलं, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी रेसिपी घेऊन मशीन काही क्षण चालतं. मर्यादा दोन्हीकडे घाला, स्क्रीनवर आणि लॅडरमध्येही.

लॉगिंग

सहा सिग्नल, प्रत्येकी २ बाइट, आणि वेळेचे ८ धरले तर एक नोंद २० बाइटची. दर सेकंदाला नोंद केली तर दिवसाला १७ लाख २८ हजार बाइट, दर दहा सेकंदाला केली तर त्याचा दहावा भाग. ५०० लिटरचं मास काही सेकंदात तापत नाही, दहा सेकंद पुरतात. सीएसव्ही फाइल दुप्पट-तिप्पट मोठी होते. लॉग एसडी कार्डवर किंवा पेनड्राइव्हवर न्या. पॅनेलच्या आतल्या फ्लॅशवर सतत लिहू नका, फ्लॅशला लिहिण्याचं आयुष्य मोजकंच असतं.

तपासणी

पॉवर सर्किटचा एमसीबी खाली, आउटपुट सुटे, पीएलसी स्टॉपमध्ये. मग प्रत्येक रजिस्टरमध्ये त्याचाच नंबर लिहा: डी५२० मध्ये ५२०, डी५२१ मध्ये ५२१. आता एकेक स्क्रीन उघडून शीटशी ताडून बघा. मासच्या सेट पॉइंटला डी५२३ दिलंय आणि खिडकीत ५२.४ दिसतंय, म्हणजे दशांश बरोबर आहे, अ‍ॅड्रेस एकने पुढे गेलाय. चार-पाच चुका तरी सापडतातच.

३२ बिटच्या जागी १,००,००० लिहा. ३४४६४ किंवा उणे ३१०७२ दिसलं तर स्क्रीनवरचं ऑब्जेक्ट १६ बिटचं राहिलंय. १ लिहून ६५५३६ दिसलं तर दोन वर्ड उलटे जोडलेत, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये वर्डची अदलाबदल करा. फ्लोटमध्ये १००.० लिहून १,१२,०४,०३,४५६ असा अजस्र आकडा आला तर ऑब्जेक्ट पूर्णांकाचं आहे, १.० लिहून ०.०० आलं तर बहुधा इथेही वर्ड उलटे. १०० च्या जागी २५६ दिसलं तर एका बाजूला बीसीडी (प्रत्येक दशमान अंकाला चार बिट) आणि दुसऱ्या बाजूला बायनरी आहे.

त्यानंतर एचएमआयची केबल चालू असताना काढा आणि हार्टबीटचा अलार्म येतो का बघा. पॅनेलची लाइट बंद-चालू करून टिकायला हवं ते टिकलं का, पुसायला हवं ते पुसलं का, हे शीटमधल्या रकान्याशी ताडा.

देताना

बऱ्याच पॅनेलमधून परत काढलेली फाइल एडिट करता येईल अशी नसते. म्हणून मूळ प्रोजेक्ट, लॅडर आणि अ‍ॅड्रेस शीट या तिन्हींवर एकच रिव्हिजन नंबर टाकून ग्राहकालाही द्या आणि स्वतःकडेही ठेवा. पहिल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तोच नंबर छोट्या अक्षरात दाखवा, म्हणजे फोनवर विचारता येतं. नंतर एखादा टॅग काढून टाकला तर त्याची ओळ शीटमधून पुसू नका, 'बंद' एवढं लिहा. आणि तो अ‍ॅड्रेस दुसऱ्या कामाला देऊ नका. जुन्या रेसिपीच्या फाइलमध्ये किंवा एखाद्या विसरलेल्या पॉप-अपमध्ये तो अजून जिवंत असू शकतो.